अल्मोड्याचा कुंजा

उन्हाळ्याची रजा पडली की थंड हवेच्या ठिकाणी जावे, ही हौस आता आपल्या मंडळींत सार्वत्रिक झाली आहे. परत आलेल्या मनुष्याने हिमशिखरांचे वर्णन आरंभिले की ऐकणाऱ्याने पुढचे वाक्य मनातल्या मनात आधीच पुरे करावे, इतकी ती वर्णने एकमेकांसारखी होऊन गेली आहेत. आम्हीही २०२३ सालच्या वैशाख-ज्येष्ठांत सहा आठवडे कुमाऊंतील अल्मोडे येथे सहकुटुंब राहून आलो, आणि त्रिशूळ व नंदादेवी यांची शिखरे, आकाश निवळले त्या त्या दिवशी, डोळे भरून पाहिली. परंतु त्यांची थोरवी आमच्या लेखणीवाचून अडलेली नाही. आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे ती तेथील एका घराच्या परसातील गुलाबाच्या वेलीची हकीकत. या वेलीचे नाव काय, एवढ्या साध्या प्रश्नावर तिचे जगणे-मरणे येऊन ठेपले होते. आणि नाव सांगण्याचे काम, शिक्षकी पेशाचा मान म्हणून, आमच्या गळ्यात पडले होते.

दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी पहाटे काठगोदामास उतरतो. १८८४ साली येथवर आलेला लोहमार्ग आजही येथेच संपतो, कारण पुढे डोंगर उभाच्या उभा आहे. येथून अल्मोडे मोटारीने सुमारे ९० किलोमीटर. भवाली सोडल्यावर रस्ता कैंचीवरून गरमपाणी व खैरना यांच्याकडे उतरत जातो आणि मग कोसी नदीची सोबत धरून पुन्हा चढू लागतो. भवालीच्या आसपास, चीड व बांज यांच्या रानांत, उंच झाडांच्या शेंड्यांवरून खालपर्यंत काहीतरी पांढरेशुभ्र ओघळलेले ठिकठिकाणी दिसू लागले. कोणी सोवळ्याची धोतरे झाडांवर वाळत घातली आहेत की काय, असा क्षणभर भास व्हावा. गाडी थोडी सावकाश झाली तेव्हा सुगंधही आला. आम्ही गाडीवानास विचारिले. त्याने मानही न वळविता उत्तर दिले, "कुंजा आहे, साहेब. जंगली आहे." हे दोन्ही शब्द पुढे आमच्या उपयोगी पडावयाचे होते.

अल्मोडे हे गाव घोड्याच्या खोगीरासारख्या एका लांबट कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. सोळाव्या शतकात चंद राजांनी आपली राजधानी चंपावतहून येथे आणिली. कड्याच्या माथ्यावरून दगडी फरशांनी बांधलेला जुना बाजार लांबच लांब गेला आहे. त्यातून चालताना काही जुन्या घरांच्या नक्षीदार लाकडी चौकटी अजून पाहावयास मिळतात. हिवतापाचा डासांशी संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांचा जन्म १८५७ साली याच गावी झाला. मराठी माणसास आणखी एका गोष्टीचे अगत्य वाटते: कुमाऊंतील पंत घराणी आपले मूळ पुरुष कोकणातून येथे आले अशी परंपरा सांगतात. ज्या घराच्या माडीवर आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त भाड्याने राहतो, व जेथे आम्ही उतरलो होतो, ते घर अशाच एका पंत कुटुंबाचे. आम्ही पुण्याकडचे, असे कळताच घरच्या वृद्ध मातुश्रींनी आमच्याकडे, बऱ्याच दिवसांनी माहेरच्या वाटेने कोणी यावे, अशा दृष्टीने पाहिले. त्यांना घरातील सर्व जण 'आमा' म्हणत. आमा म्हणजे आजी.

बाजारापासून शंभरएक पायऱ्या उतरून गेले की हे घर लागे. डोंगरउतारावरील सगळ्याच घरांप्रमाणे याच्याही परसाला दगडी धरणभिंतीचा आधार आहे. त्या भिंतीच्या कडेला मांडीएवढ्या जाड बुंध्याची ती वेल उभी होती. भिंतीवरून ती न्हाणीघराच्या पत्र्यावर चढली होती, पत्र्यावरून अक्रोडाच्या झाडावर, आणि अक्रोडाच्या माथ्यावरून पुन्हा खाली लोंबत होती. आम्ही पोचलो तेव्हा ती ऐन बहरात होती. सकाळी दहाच्या सुमारास तिच्यावर मधमाश्यांचा असा घोष चाले की माडीवर बसून आम्हांस पोथी वाचताना स्वर चढवावा लागे.

घरात दोन भाऊ. थोरले टपालखात्यातून निवृत्त झालेले. धाकटे त्यांना 'दाज्यू' म्हणत. धाकट्यांचे बाजारात दुकान. चूल अजून एक होती, पण जागेची वाटणी झालेली होती, आणि वेल नेमकी वाटणीच्या रेघेवर उभी होती. मागील पावसाळ्यात धरणभिंतीला पोट आले होते. ती उतरवून पुन्हा बांधणे अवश्य होते, आणि वेलीच्या मुळांनीच ती फुगविली असे धाकट्यांचे म्हणणे. शिवाय पन्हळीत पाकळ्या व पाला साचतो, काट्यांनी मुलांचे अंग फाटते, ही त्यांची गाऱ्हाणीही खोटी नव्हती. थोरल्यांचे मत अगदी उलट. कोण्या काळी शेजारच्या बंगल्यात राहणाऱ्या साहेबाने विलायतेहून आणलेल्या गुलाबाचे हे रोप, असला गुलाब सगळ्या गावात दुसरा नाही, आणि असली चीज तोडणे म्हणजे घराची शोभा आपल्या हाताने घालविणे. धाकटे म्हणत, "दाज्यू, हा जंगली कुंजा आहे. भवालीच्या रस्त्याला गाडीभर मिळेल." धाकट्यांच्या मुलाने मोबाइलवरील एका साधनास वेलीची छायाचित्रे दाखवून पाहिली होती. फुलाचे चित्र दाखविले तेव्हा त्याने एक नाव सांगितले, पानाचे दाखविले तेव्हा दुसरे. तेव्हा उभयतांनी मिळून ठरविले की पुण्याचे मास्तर पाहतील व सांगतील; विलायती ठरला तर भिंत वेलीस वळसा घालून बांधावयाची, जंगली ठरला तर कुऱ्हाड.

आम्ही संस्कृत शिकविण्यात जन्म घालविला. वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध शेजाराचा. परंतु शेजार चांगला होता. शाळेत जीवशास्त्र शिकविणारे आमचे एक जुने सहकारी आहेत. त्यांना दूरध्वनी करून काय काय पाहावे हे लिहून घेतले, आणि एक भिंग मिळवून आठवडाभर रोज सकाळी त्या वेलीपाशी जाऊन बसू लागलो. ज्या वाचकांच्या परसात असा अनोळखी वेलगुलाब असेल त्यांच्या सोयीसाठी तो पाहण्याचा क्रम येथे देतो.

प्रथम काटे पाहावे. डोंगरातील जुन्या बंगल्यांतून चीनकडील बँक्सिया गुलाब पुष्कळ आढळतो. त्याला काटे जवळजवळ नसतातच. आमच्या वेलीचे काटे वाघनखासारखे मागे वळलेले व मजबूत होते. याच काट्यांच्या आधाराने ती अक्रोडावर चढली होती. वेलगुलाबाला तणावे नसतात. काटा हाच त्याचा हात.

नंतर पान. गुलाबाचे एक पान म्हणजे एका दांड्यावरील अनेक पर्णिका. येथे त्या बहुधा पाच किंवा सात, लांबट, टोकदार, किंचित राखी छटेच्या, खालून लवदार, आणि उन्हाने मलूल झाल्याप्रमाणे खाली झुकलेल्या होत्या. पानाच्या देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली जी छोटी पात्यासारखी उपपर्णे असतात, ती भिंगाखाली धरिली. बागाईतदार ज्यावर डोळे भरतात त्या बहुपुष्पी जपानी गुलाबाची उपपर्णे फणीच्या दात्यांसारखी कातरलेली असतात. आमची अरुंद असून तशी कातरलेली नव्हती. तेव्हा मोबाइलने सांगितलेल्या नावांपैकी एक तेथेच गळाले.

मग फूल. पांढऱ्या, एकेरी, पाच पाकळ्या. फुलाचा व्यास दीड-दोन इंच. आणि अशा फुलांचे मोठमोठे घोस. त्याच पहाडात अधिक उंचीवर एक गुलाब होतो त्याला बहुधा चारच पाकळ्या असतात, म्हणून पाकळ्या मोजणे हे काही वेडगळपणाचे काम नव्हे. सर्वांत महत्त्वाची खूण मात्र फुलाच्या मध्यभागी असते. पिवळ्या पुंकेसरांच्या वर्तुळात स्त्रीकेसरांचे दांडे पाहावे. साध्या बागेतील गुलाबात ते सुटे असतात. येथे ते एकत्र जुळून त्यांचा एक बारीक स्तंभ झाला होता, व त्यावर लव होती. अशा स्तंभाचे गुलाब हे एक स्वतंत्र कुळ आहे, आणि जगातील बहुतेक थोर वेलगुलाब त्याच कुळातले.

शेवटी ऋतू. कस्तुरी गुलाब म्हणून जो प्रसिद्ध आहे तो याचा निकटचा आप्त. परंतु तो उंचीने बेताचा असून उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून शरदापर्यंत फुलतो. आमची वेल वर्षातून एकदाच, वैशाखाच्या सुमारास, महिनाभर फुलते व मग अकरा महिने नुसती वाढते, असे घरच्या सर्व मंडळींनी एकमुखाने सांगितले. दोघे भाऊ ज्या एका गोष्टीवर एकमत होते ती हीच. येथे आमचा निर्णय झाला. हा हिमालयाचाच गुलाब. शास्त्रात त्याचे नाव रोझा ब्रुनोनी. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली याने १८२० साली आपल्या गुलाबांवरील ग्रंथात रॉबर्ट ब्राऊन या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ते ठेविले. घरचे नाव कुंजा. गाडीवानाने मान न वळविता सांगितले होते तेच.

आता संस्कृताकडे थोडे वळण्याची मोकळीक वाचक देतीलच. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात पुष्पवर्गात 'कुब्जक' नावाचे एक फूल आहे. कुंजा किंवा कूजा हे देशी शब्द त्याच्याशी जुळतात. त्याचे पर्याय पाहावे. कंटकाढ्या, म्हणजे काट्यांनी समृद्ध. अतिकेसर, म्हणजे केसर पुष्कळ असलेला. नीलालिकुलसंकुला, म्हणजे काळ्या भ्रमरांच्या थव्यांनी गजबजलेली. आम्ही माडीवर पोथी वाचताना जो घोष ऐकत होतो तो या एका नावात साठविलेला आहे. बृहत्पुष्प हा पर्याय एकेका फुलास लागू पडत नाही; घोसास लावावा तर पडतो. निघंटूंचे आधुनिक टीकाकार कुब्जक म्हणजे कस्तुरी गुलाब असे लिहितात. परंतु हिमालयातील कुंजालाही बराच काळ कस्तुरी गुलाबच म्हणत असत, हे ध्यानात ठेविले म्हणजे विरोध राहत नाही. आणि कुब्जक हे मूळ नाव तरी कसे? ज्याच्या फांद्या पाठीत वाकलेल्या, तो. भागवतातील मथुरेची कुब्जा आठवावी. पाठीने वाकडी, पण हातात सुगंधी अंगलेप घेऊन चाललेली. आपल्याकडे 'गुलाब' हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ गुलाबपाणी. त्यामुळे गुलाब ही वस्तूच परकी, अशी आपली समजूत झाली आहे. हिंदीत सेवती म्हणजे पांढरा गुलाब, आणि आपल्या घरी शेवंती म्हणून जे फूल देवास वाहतात ते अगदी निराळे. इतकी या नावांची उलथापालथ झालेली आहे.

नाव निघाले, पण आमचे मन स्वस्थ नव्हते. खरे सांगावे तर वेलीवर कुऱ्हाड पडते. "कोणी विलायती असेल" असे मोघम बोलून वेळ मारून नेणे फार सोपे होते, आणि आमच्या विद्यार्थ्याने तसे सुचविलेही. परंतु चाळीस वर्षे मुलांना ज्या शब्दाचा जो अर्थ तोच सांगावा असे शिकविले. उतारवयात एका वेलीच्या लोभाने तो धडा पुसावयाचा, हे जमेना. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सर्वांदेखत सांगितले की हा विलायती नव्हे. हा येथलाच कुंजा, भवालीच्या रस्त्यावर दिसतो तोच. थोरल्यांचा चेहरा उतरला. धाकटे काही बोलले नाहीत. पण त्यांनी मुलाकडे ज्या नजरेने पाहिले तिचा अर्थ सर्वांस कळला.

आमा कोपऱ्यात बसून माळ ओढीत होत्या. त्या म्हणाल्या, "कुंजाच आहे. मला कोणी विचारले कुठे?" मग त्यांनी सांगितले. कुमाऊंत चैत्रात भाऊ सासुरवाशीण बहिणीकडे खाऊ व वस्त्र घेऊन जातो. या रीतीस 'भिटौली' म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या भिटौलीस आमांचा भाऊ दोन दिवसांची वाट चालून आला. टोपलीत पुऱ्या होत्या, वस्त्र होते, आणि ओल्या शेवाळात गुंडाळलेला, त्यांच्या मैतातल्या, म्हणजे माहेरच्या, पाणवठ्यावरील कुंजाचा एक मुळासकट फुटवा होता. बहिणीला नव्या घरी करमत नाही असे त्याने ऐकिले होते. तो भाऊ आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा पाणवठ्यावरची ती मूळ वेलही गेली. साहेबाची गोष्ट पुढे कोणी जोडली हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ती खोडूनही काढली नव्हती, कारण तिच्यामुळे वेलीला मान मिळत होता.

धाकटे हळूच म्हणाले, "पण इजा, जंगलात असले खूप आहेत." इजा म्हणजे आई. आमा म्हणाल्या, "गावात भाऊही खूप जणींना होते. टोपली घेऊन इथवर आला तो एकच."

यापुढे वादास जागा राहिली नाही. अडचण मात्र राहिली. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याने भिंतीच्या तळाशी पाणी जाण्यास ठेवलेली भोके मातीने बुजलेली दाखविली. मागच्या मातीत पावसाचे पाणी कोंडले, त्याचा दाब भिंतीवर आला, आणि पोट फुगले. मुळांचा दोष असलाच तर थोडा. वेलीवरचा आरोप गेला, तरी भिंत तळापासून उतरविल्याशिवाय गती नव्हती, आणि साठ वर्षांचा बुंधा हलवून जगेल असे कोणीच म्हणेना. भिंतीचे काम थंडीत, माघाच्या सुमारास, काढावयाचे ठरले. म्हणजे हाती आठ महिने होते.

बी पेरावे अशी सूचना पुढे आली. कुंजाला थंडीत वाटाण्याएवढी तांबूस फळे येतात व त्यांतील बी रुजतेही. परंतु बीजाचे रोप हे अपत्य. त्यात दुसऱ्याही वेलीचे रक्त असू शकते. आमांना त्यांच्या भावाने आणलेली वेल हवी होती, तिची मुलगी नव्हे. तेव्हा फांदीलाच मूळ फोडणे हा मार्ग. येथे आमची विद्या संपली व आमच्या कुटुंबाची सुरू झाली. जाई, जुई व मोगरा यांची दाबकलमे करण्यात तिचा हात पुण्यात आळीभर प्रसिद्ध आहे. ज्येष्ठातील वळवाच्या सरींनी जमीन भिजली तेव्हा तिने व आमांनी मिळून चार कलमे धरिली. कृती येणेप्रमाणे.

फांदी गेल्या वर्षीची, लांब, लवचीक व निरोगी निवडावी. ती जमिनीकडे वाकवून, शेंड्याकडील हातभर भाग मोकळा राहील अशा ठिकाणी, डोळ्याच्या खालच्या अंगास धारदार चाकूने तिरपा काप द्यावा. काप इंच-दीड इंच लांब व फांदीच्या मध्यापर्यंत खोल असावा, त्याहून नाही. कापलेली जीभ पुन्हा मिटू नये म्हणून तीत खड्याची कपची अडकवावी. चार बोटे खोल चर खणून त्यात कुजलेला पाला व वाळू मिसळलेली माती घालावी. काप त्यात पुरून लाकडी बेचक्याने घट्ट दाबावा आणि वर एक सपाट दगड ठेवावा. दगडाने फांदी उसळत नाही आणि खालचा ओलावा टिकतो. बाहेर राहिलेला शेंडा काठीस उभा बांधावा. ओल राखावी, चिखल होऊ देऊ नये. आईचे दूध चालू असताना मूल जसे भात खाऊ लागते, तशी ही फांदी मूळ वेलीवर पोसली जात असतानाच आपली मुळे काढते. म्हणून या रीतीत धोका कमी. पाने झडल्यावर, थंडीत, मूळ फांदीकडील बाजू तोडावी; तोडल्यावर लगेच उपटू नये, काही आठवडे तेथेच राहू द्यावे, आणि नवे डोळे फुटण्यापूर्वी मातीच्या गड्ड्यासह हलवावे.

जोडीला बारा छाटकलमेही लाविली: पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या काड्या, खालचा काप डोळ्याच्या लगत खाली, वरचे एकच पान ठेवून, वाळू व पालापाचोळ्याच्या मातीत अर्ध्याहून अधिक पुरून, सावलीत. यांतील सगळ्या लागतील ही अपेक्षा कोणी ठेवू नये. म्हणूनच त्या डझनाने लावावयाच्या. आणखी एक सूचना: वर्षातून एकदाच फुलणारा वेलगुलाब थंडीत छाटू नये, कारण त्याची फुले गतवर्षीच्या फांद्यांवरील फुटव्यांना येतात. छाटणी करणे ती बहर ओसरल्यावर करावी. हिवाळ्यात उत्साहाने कात्री चालविणारा मनुष्य पुढचा वैशाख फुलांवाचून घालवितो, व दोष खताला देतो.

नावाचा घोटाळा केवळ अल्मोड्याच्या एका घरात झाला असे मात्र नाही. हिमालयातील हा कुंजा इंग्लंडातील बागांत गेला, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या कस्तुरी गुलाब म्हणून विकला गेला. खरा कस्तुरी गुलाब लोकांच्या नजरेआड झाला होता. ग्रॅहम स्टुअर्ट टॉमस या गुलाबांच्या जाणकाराने तो १९६३ साली लंडनजवळील मिडलटन हाऊस येथील बागेत पुन्हा शोधून काढिला. ग्लॉस्टरशर परगण्यातील किफ्ट्सगेट कोर्ट या घराच्या बागेत १९३८ साली असाच एक वेलगुलाब कस्तुरी गुलाब समजून लाविला गेला. पुढे जाणकारांनी पाहिले तेव्हा तो चीनकडील निराळाच गुलाब निघाला. आज तो त्या घराच्याच नावाने जगभर ओळखला जातो. तात्पर्य, तेथील लोक आमच्या रानातला गुलाब भलत्याच नावाने कवटाळून बसले होते, आणि येथे एक घर त्याच गुलाबाला तेथून आलेला समजून मान देत होते. चूक दोन्हीकडे सारखीच, आणि गुलाब दोन्हीकडे तोच.

आम्ही ज्येष्ठ सरता सरता पुण्यास परतलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये थोरल्यांचे सविस्तर पत्र आले. चारांपैकी एक दाबकलम पावसाळ्यात कुजले. तिघांना उत्तम मुळे फुटली. बारा काड्यांपैकी चार जगल्या. जुनी वेल ज्या दिवशी तोडली त्या दिवशी आमा सकाळपासून नंदादेवीच्या देवळात जाऊन बसल्या आणि काम आटोपल्यावरच घरी आल्या. नवी भिंत पाण्याच्या भोकांसह उभी राहिली. तीन कलमांपैकी एक थोरल्यांच्या बाजूस लाविले. दुसरे धाकट्यांनी, कोणी न सांगता, आपल्या बाजूस भिंतीपासून दोन हात अंतरावर खड्डा खणून लाविले व त्यास चढण्यासाठी लोखंडी कमान केली. तिसरे आमांच्या माहेरी, त्या जुन्या पाणवठ्याजवळ, भाच्याच्या हाती पाठविले. २०२५ सालच्या वैशाखात धाकट्यांच्या कमानीवर पहिले दोन घोस आल्याचे छायाचित्र आले. त्याखाली त्यांनी एवढेच लिहिले होते: "जंगली कुंजा, घरचा."

पुष्कळ जण आम्हांस विचारतात की एवढे केले तर एक काडी पुण्यास का आणली नाही. कुंजा हे रानात साधारण १,२०० मीटरपासून वर वाढणारे झाड. हिवाळ्यातील कडक विश्रांती हा त्याचा स्वभाव. आमच्या परसात ते हिरवे राहील, पण सुखी होईल असे आम्हांस वाटले नाही. आणि पाहुण्यास आणून त्याचे हाल करणे ही आपली रीत नव्हे.

परंतु प्रत्येक जुन्या घरात असे एखादे झाड असते. कोणाची मोगरी आजीने माहेराहून आणलेली असते, कोणाची जाई वाड्यातल्या विहिरीवरची असते. वाडे पडत आहेत, त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि झाडाबरोबर त्याची हकीकतही मातीत जात आहे. तेव्हा आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, ज्यांना ती हकीकत ठाऊक आहे त्या वडीलधाऱ्या माणसांपाशी एक दिवस बसून झाडाचे नाव, आणणाऱ्याचे नाव व आणल्याचे साल वहीत उतरून घ्यावे. आणि पाऊस लागला की त्याची एक फांदी वाकवून, चार बोटे मातीत दाबून, वर दगड ठेवावा. इमारतीच्या सज्ज्यात एक कुंडी मावतेच.